भयानकाचे बारा महिने : बेक्शिन्स्कीची चित्रं आणि भिंतीवरचं कॅलेंडर

गॉथिक चित्रांविषयी लिहिणारी मंडळी कॅलेंडरचा विषय टाळतात. संग्रहालय, प्रदर्शन, फार तर जाडजूड चित्रग्रंथ, इथवर त्यांची नजर पोचते. कॅलेंडर हा त्यांच्या लेखी चित्राचा उतारवयातला मुक्काम. त्यापुढे चहाचे मग आणि टी-शर्ट एवढंच उरतं. माझं मत वेगळं आहे. भय, काळोख, पडझड आणि मरण यांनी भरलेली जी कल्पनाचित्रं आज ‘डार्क गॉथिक फँटसी’ या नावाखाली विकली जातात, त्यांचं बळ आणि त्यांची मर्यादा कॅलेंडरच्या पानावर जितकी उघडी पडते, तितकी संग्रहालयाच्या भिंतीवर पडत नाही. पोलिश चित्रकार झ्जीस्वाव बेक्शिन्स्की (१९२९–२००५) याच्या चित्रांच्या आधारानं मला हे तपासून पाहायचं आहे.

बेक्शिन्स्कीच्या चित्रांची भिंतीवरची कॅलेंडरं निघत असतात. माझ्याकडचं एका मित्रानं पोलंडहून आणलेलं. वर चित्र, खाली तारखांचे चौकोन, आठवड्याची सुरुवात सोमवारपासून. ते वर्षभर माझ्या लिहिण्याच्या खोलीत टांगलेलं होतं आणि वर्ष संपल्यावरही मी ते उतरवलेलं नाही. त्यातल्या तीन चित्रांचं वर्णन आधी करतो, म्हणजे ज्यांनी ती पाहिलेली नाहीत त्यांनाही पुढचं बोलणं धरता येईल. एकात मागे शहर जळतं आहे आणि पुढे एक प्राणी चार पायांवर सरपटत चालला आहे. हातपाय कोळ्यासारखे लांब, हाडकुळे. डोक्याला पट्टी गुंडाळलेली, आणि जिथं चेहरा असायचा तिथं पट्टीतून रक्त झिरपलेलं. दुसऱ्यात दोन अस्थिपंजर देह एकमेकांना मिठी मारून बसले आहेत. कोणता हात कुणाचा हे सांगता येऊ नये इतके ते एकमेकांत मिसळलेत. तिसऱ्यात एक कॅथीड्रल आहे. त्याचे खांब आणि कमानी दगडाच्या नाहीत. हाडांच्या म्हणाव्यात, मुळांच्या म्हणाव्यात, की सुकलेल्या स्नायूंच्या, ते ठरत नाही.

बेक्शिन्स्कीनं आपल्या चित्रांना नावं दिली नाहीत. चित्राचा अर्थ काय, या प्रश्नाला तो उत्तर देत नसे. तो प्रश्नच त्याला निरर्थक वाटे. स्वप्नांचे फोटो काढावेत तशी चित्रं काढायची आहेत, अशा आशयाचं त्याचं म्हणणं प्रसिद्ध आहे, आणि स्वप्नाला कुणी मथळा देत नाही. कॅलेंडर मात्र मथळा देतं. पट्टीवाला प्राणी माझ्यासाठी आता ‘मार्च’ आहे आणि मिठी मारलेलं जोडपं ‘नोव्हेंबर’. चित्रकारानं आयुष्यभर जे टाळलं ते छापखान्यानं करून ठेवलं. पण मला याची फारशी तक्रार करावीशी वाटत नाही. ‘युद्ध’, ‘प्रेम’, ‘अंत’ असलं काही लिहिण्यापेक्षा ‘मार्च’ हे नाव कितीतरी बरं. ते चित्राविषयी काहीच सांगत नाही. तक्रार आहे ती कापाकापीची. कागद आडवा, चित्रं बहुतेक उभी. तेव्हा वरचं आकाश आणि खालची जमीन छाटून टाकली आहे. बेक्शिन्स्कीच्या चित्रांत आकाश हे अर्धं चित्र असतं. गेरू, गंज आणि शिळ्या हळदीच्या रंगातलं ते धुकट आभाळ काढून घेतलं की उरतो तो नुसता राक्षस.

चित्र छापलं गेलं की ते उतरणीला लागलं, ही समजूत गॉथिकच्या बाबतीत तरी इतिहासाला धरून नाही. ‘गॉथिक’ ही मुळात शिवी. सोळाव्या शतकातल्या इटालियन लेखकांनी, त्यात व्हाझारी पुढे, उत्तरेकडच्या टोकदार कमानींच्या बांधकामाला रानटी गॉथ टोळ्यांची करणी ठरवलं. त्या शिवीचं मानचिन्ह झालं अठराव्या शतकात. होरॅस वॉलपोलची ‘कॅसल ऑफ ओट्रांटो’ १७६४च्या अखेरीस निघाली आणि पुढल्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत तिनं स्वतःला उघडपणे ‘गॉथिक कथा’ म्हणवून घेतलं. चित्रातला तसा टप्पा म्हणजे हेन्री फ्युझेलीचं ‘द नाइटमेअर’. पलंगावरून मान खाली लोंबत झोपलेली बाई, तिच्या छातीवर बसलेलं भूत, पडद्यातून डोकावणारं घोड्याचं आंधळं डोकं. १७८२मध्ये ते लंडनच्या रॉयल अकादमीत लागलं आणि १७८३मध्ये त्याचं खोदचित्र बाजारात आलं. मूळ चित्र एकाच्या भिंतीवर राहिलं, खोदचित्र गावभर झालं. पिरानेसीचे काल्पनिक तुरुंग तर जन्मतःच छापील होते. तिथं ‘मूळ’ म्हणून दाखवायला तैलचित्र नाहीच. गोयानं ‘काप्रीचोस’ ही ऐंशी चित्रांची मालिका १७९९मध्ये विक्रीला काढली तेव्हा माद्रिदच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, आणि विक्रीचं ठिकाण होतं अत्तरं आणि मद्यं विकणारं एक दुकान. ज्या रस्त्यावर ते होतं त्याच्या नावाचा अर्थ होतो ‘भ्रमनिरास’. चेटकिणी आणि गाढवं अत्तराच्या बाटल्यांशेजारी विकली गेली, म्हणून गोया कुणाला सवंग वाटला नाही.

याहून जुना एक दाखला मला अधिक मोलाचा वाटतो. गीयो मार्शां हा पॅरिसचा मुद्रक. त्यानं १४८५मध्ये ‘दांस माकाब्र’, म्हणजे मृत्यूचं नृत्य, हे चित्रमय पुस्तक छापलं. पोपपासून शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाचा हात धरून सांगाडे त्याला नाचत नेतात. काही वर्षांतच, १४९०च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याच मार्शांच्या छापखान्यातून ‘मेंढपाळांचं कॅलेंडर’ बाहेर पडलं. त्यात सणवार होते, चंद्रसूर्याचं गणित होतं, आरोग्याचे सल्ले होते, आणि सात पापांसाठी नरकात मिळणाऱ्या शिक्षांची चित्रंही होती. तारीख आणि यातना एकाच बासनात. मध्ययुगीन युरोपातल्या श्रीमंतांच्या प्रार्थनापोथ्याही साधारण अशाच बांधलेल्या असत. आरंभी बारा महिन्यांचं कॅलेंडर, आणि पुढे कधीतरी मृतांसाठीच्या प्रार्थना. तेव्हा काळ मोजणं आणि काळाची भीती घालणं हा तिथला एकच व्यवहार होता. विसाव्या शतकातल्या प्रकाशकानं महिन्यावर सांगाडा छापला तेव्हा त्यानं काही नवं पाखंड केलं असं नाही.

नवं जे आलं ते अमेरिकेतून, १९७०च्या दशकात. टॉल्किनच्या कादंबऱ्यांची सचित्र कॅलेंडरं तेव्हा फार गाजली. हिल्डेब्रांट बंधूंनी १९७६, ७७ आणि ७८ या तीन वर्षांसाठी केलेली कॅलेंडरं तर आजही संग्राहक शोधत असतात. फ्रँक फ्रझेटाच्या तलवारबाज नायकांनाही असेच बारा महिने मिळाले. त्याचं १९७३चं ‘डेथ डीलर’ पाहा : काळ्या घोड्यावर काळा स्वार, शिरस्त्राणाखाली चेहरा नाही, नुसते लाल डोळे. चित्र जोरकस आहे यात वाद नाही. पण या परंपरेतला काळोख हा कुणाच्या तरी पराक्रमासाठी घातलेला मांडव असतो. राक्षस मोठा, कारण नायक मोठा करायचा आहे. पुढे या जातीच्या कॅलेंडरांत नायकाची जागा बहुधा तोकड्या वस्त्रांतल्या नायिकेनं घेतली आणि थडगी, वटवाघळं, पडके मनोरे हे तिच्यामागचे पडदे झाले. त्यावर अधिक शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. तिथं भीती वाटत नाही आणि वाटावी अशी कुणाची अपेक्षाही नसते.

बेक्शिन्स्की याच मांडणीवर, याच लेबलाखाली विकला जातो, पण त्याच्याकडे नायक नाही, नायिका नाही आणि खलनायकही नाही. हे तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शहर जळतं, पण जाळणारा दिसत नाही. देह सोललेले आहेत, पण सुरी कुणाच्याच हातात नाही. जे व्हायचं ते होऊन गेलंय किंवा पावसासारखं आपोआप होत राहिलंय. क्रूर चित्रकार म्हणून तो ओळखला जातो, पण क्रौर्याला कर्ता लागतो. तो इथं नाही.

हे कर्त्यावाचूनचं जग तो रचतो मात्र फार काटेकोरपणे. तो शिकला वास्तुशास्त्र, क्राकूवमध्ये. १९५०च्या दशकात सानोक या आपल्या गावी परतला. पुढे तिथल्या बसगाड्यांच्या कारखान्यासाठी गाड्यांच्या आराखड्यांचं काम त्यानं केलं. आधी फोटोग्राफी, मग उठावाची अमूर्त कामं, आणि १९६४मध्ये वॉर्सात झालेल्या प्रदर्शनानंतर तो चित्रकार म्हणून उभा राहिला. हार्डबोर्डवर तैलरंग ही त्याची पद्धत. कॅनव्हासचा पोत त्याला नको होता. त्या गुळगुळीत फळ्यांवर त्यानं चिंध्यांची, कातडीची, शेवाळाची एकेक शीर जुन्या डच चित्रकाराच्या चिकाटीनं रंगवली. त्यामुळे अशक्य वस्तूही मोजमाप घेतल्यासारखी दिसते. हाडांचं ते कॅथीड्रल कोसळणार नाही, याची पाहणाऱ्याला खात्री वाटते. चित्रं काढताना शास्त्रीय संगीत मोठ्यानं लावायची त्याला सवय होती. या अवाढव्य वास्तूंमधली लय पाहिली की हा तपशील आठवतो, इतकंच.

आता महिनाभर पाहण्याविषयी. प्रदर्शनात एका चित्रापुढे माणूस मिनिटभर थांबतो, फार झालं तर पाच. भयचित्राला ते सोयीचंच. धक्का द्यायला मिनिट पुष्कळ. कॅलेंडरवर तोच प्राणी एकतीस दिवस समोर असतो. फोनवर बोलताना, विजेचं बिल कधी भरायचं ते पाहताना, पंचवीस तारखेभोवती खूण करताना. आपल्याकडे कॅलेंडर म्हणजे दुधाचा हिशोब, सिलिंडर लावल्याची तारीख, चतुर्थी आणि एकादशी. त्यावरचं चित्र बहुधा देवाचं, आणि ते मंगल असतं, कारण सकाळी उठल्यावर नजर तिथंच जाते. १८९४मध्ये मुंबईत निघालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्यानं देवांना घराघरांत आणलं, तेव्हापासून छापील चित्राकडे दर्शनाच्या नजरेनं पाहण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. उग्र देवताही त्यात येतात. पण काली असो की नरसिंह, त्या उग्रतेला एक दिशा असते. ती भक्ताकडे वळलेली नसते. बेक्शिन्स्कीच्या प्राण्याला अशी दिशा नाही. तो आपल्याला वाचवणारही नाही आणि खाणारही नाही. तो नुसता चालला आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना हे कॅलेंडर पहिल्यापासून अपशकुनी वाटे. जानेवारीत त्यांनी मला दोनदा सुनावलं, फेब्रुवारीत केर काढताना त्या तिकडे पाठ करीत. मार्चच्या मध्यावर कधीतरी त्या चित्रासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, “याला पट्टी कुणी बांधली असंल ओ?” बेक्शिन्स्कीवर मी जे काही वाचलंय त्यात हा प्रश्न मला भेटलेला नाही. डोक्याला मागून-पुढून अशी पट्टी आपली आपल्याला बांधता येत नाही. दुसरा माणूस लागतो. ज्या चित्रात मारणारा नाही, त्यात शुश्रूषा करणारं कुणीतरी चौकटीबाहेर आहे. शहर जळत असताना त्यानं थांबून पट्टी गुंडाळली आहे. त्याच्या चित्रांत चिंध्या, पट्ट्या, गुंडाळलेलं कापड इतक्या वेळा येतं, की तो निव्वळ भयाचा सरंजाम मानणं अवघड होतं. मिठी मारलेलं जोडपंही याच बाजूचं. मांस झडून गेलं तरी मिठी सुटलेली नाही. मिनिटभर पाहणाऱ्याला तिथं सांगाडे दिसतात. मिठी दिसायला नोव्हेंबरची निदान दहा तारीख उजाडावी लागते.

आपल्या रसचर्चेत याला नेमके शब्द आहेत. भयाला जसा विषय लागतो तसा आश्रयही लागतो, म्हणजे ज्याच्या ठायी भय उपजतं असा कुणीतरी. भरतानं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानकाची कारणं सांगितली आहेत त्यांत ओसाड घर आहे, अरण्य आहे, घुबड-कोल्ह्यांची ओरड आहे. अठराव्या शतकातल्या इंग्रज कादंबरीकाराच्या टिपणवहीत शोभावी अशी ती यादी आहे. भयानकाचा वर्ण काळा, आणि देवता ‘काल’. इथला काल म्हणजे मृत्यूचा अधिपती. भिंतीवरच्या चौकोनांतला काळ भरताच्या मनात नसणार, हे उघड आहे. पण आपल्या भाषेनं दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला आणि दिनदर्शिकेलाही आपण कालदर्शिका म्हणू शकतो, तेव्हा भयानकाचं चित्र तारखांच्या डोक्यावर येणं मला तरी परकं वाटत नाही. प्रश्न आश्रयाचा आहे. बेक्शिन्स्कीच्या चित्रात घाबरलेलं कुणी नसतं. कंप नाही, घाम नाही, पळापळ नाही. एक प्राणी सरपटतो, दोघं बिलगून बसतात, आणखी एका चित्रात फांद्यांसारखी अगणित बोटं फुटलेला एकजण तुतारी वाजवतो. सगळे आपापल्या कामात आहेत. भय वाटून घ्यायला चित्रात कुणीच नसल्यामुळे ते सगळं पाहणाऱ्यावर येतं, आणि पाहणारा ते महिनाभर वाहू शकत नाही. ते ओसरतं. सामान्य भयचित्र तिथंच संपतं. महिनाअखेर ते शोभेचा कागद होऊन बसतं. बेक्शिन्स्कीच्या चांगल्या चित्रांत भय ओसरल्यावर खाली करुण लागतो. सगळ्याच चित्रांत लागतो असं नाही. माझ्या कॅलेंडरमधला ऑगस्ट, एका कवटीसारख्या डोंगराचा, तिसऱ्या दिवशीच संपला आणि उरलेले अठ्ठावीस दिवस मी नुसती तारीख पाहिली.

कॅलेंडरच्या मागल्या पानावर चित्रकाराची ओळख दिली आहे, ती मात्र मला खरोखर खटकते. त्यात चित्रांपेक्षा मरणं अधिक आहेत. ती खरी आहेत. पत्नी झोफिया १९९८मध्ये गेली. मुलगा तोमाश रेडिओवरचा लोकप्रिय संगीत-निवेदक. त्यानं १९९९च्या नाताळच्या आदल्या रात्री जीव दिला. २१ फेब्रुवारी २००५ला वॉर्सातल्या राहत्या घरी बेक्शिन्स्कीचा खून झाला. मारेकरी ओळखीच्या घरातला कोवळा पोरगा, कारण उसने पैसे नाकारल्याचं. २०१६च्या ‘द लास्ट फॅमिली’ या पोलिश चित्रपटानं हे कुटुंब जगभर पोचवलं. पण कॅलेंडरांवर झळकणारी चित्रं प्रामुख्यानं १९७० ते १९८५च्या आसपासची आहेत. घरात सगळे जिवंत असतानाची. पुढं घडायच्या मरणाचा अर्थ मागल्या चित्रांना लावायचा, ही समीक्षा नव्हे, हे पत्रिका पाहणं झालं.

युद्धाचं स्पष्टीकरण याहून भारदस्त आहे. सान नदीकाठचं सानोक १९३९मध्ये जर्मन आणि सोव्हिएत ताब्यांच्या सीमेवर आलं, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. गावातले ज्यू शेजारी त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. जळती शहरं, हाडं, पट्ट्या यांचा उगम तिथं शोधणं साहजिक आहे. त्यानं स्वतः असे अर्थ झिडकारले. आपल्या काही चित्रांत लोकांना विनोद दिसत नाही, असंही त्याचं म्हणणं असे. चित्रकारानं नाकारलेलं समीक्षकानं पाहू नये असा काही नियम नाही, आणि मलाही तो जाळ कुठून आला असेल याची कल्पना करता येते. तरीही त्या चित्रांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायला मी तयार नाही. साक्षीला आरोपी लागतो. आरोपी वगळलेलं चित्र युद्धाची साक्ष म्हणून लावणं हे त्या शेजाऱ्यांवरही अन्यायाचं होईल.

राहिला ‘गॉथिक’ हा शब्द. बेक्शिन्स्की आपल्या कामाच्या दोन रीती सांगे : एक ‘बरोक’, दुसरी ‘गॉथिक’. पहिलीत दृश्याला, चितारलेल्या जगाला महत्त्व, दुसरीत घाटाला. जळती शहरं, हाडांची कॅथीड्रलं, धुकट क्षितिजं ही सगळी त्याच्या हिशेबानं बरोक. गॉथिक म्हणजे उतारवयातली चित्रं. त्यांत अवकाश जवळजवळ नाही, गोष्ट नाही. सपाट पार्श्वभूमीवर एखादं डोकं, एखादं धड, दोन देहांची गुंतागुंत किंवा क्रूस, आणि त्यावर मुंगीच्या वारुळासारखं बारीक रेषांचं जाळं. म्हणजे कॅलेंडरच्या मुखपृष्ठावर ‘गॉथिक’ असं छापून जी बारा चित्रं आत घातली आहेत, त्यांतलं एकही चित्रकाराच्या अर्थानं गॉथिक नाही, आणि जी आहेत ती गाळली आहेत. प्रकाशकाचं गणित कळतं. ज्या चित्रात शिरायला वाट नाही, ते विकत घेऊन महिनाभर कोण टांगील? शिवाय त्या चित्रांत छाटायला आकाशही नाही.

ती चित्रं पाहायची तर सानोकला जावं लागतं. त्यानं आपली मालमत्ता तिथल्या संग्रहालयाच्या नावे केली आणि टेकडीवरच्या किल्ल्यात, नदीच्या वर, त्याच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह आहे. तिथं ती हारीनं लावलेली आहेत. एकेकीला मिनिट, फार तर पाच मिळतात. त्या उत्तरकाळातल्या बारा चित्रांचं कॅलेंडर कुणी काढलं तर मी ते घेईन, आणि मार्चचं पान मावशींना आधी दाखवीन.